राखेच्या दोन वाटा

सकाळी सहाला, लालबागचा रस्ता भरायच्या आत, काँक्रीटचा पहिला मिक्सर फाटकातून आत आला. जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उठतोय. त्या दिवशी स्लॅब भरायचा होता. ओतण्याआधी तपासणी. एका पोऱ्याने घमेलंभर माल काढून पत्र्याच्या शंकूत थराथराने भरला, दर थराला सळईचे 25 ठोसे दिले आणि शंकू अलगद उचलला. ढीग किती खचला ते पट्टीने मोजलं. मग 15 सेंटिमीटरचे क्यूब भरले. त्यांवर तारीख पडते; 7 आणि 28 दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात.

मालासोबत आलेल्या चलनावर सिमेंटखाली ओळ होती : फ्लाय अ‍ॅश. वीजकेंद्रात कोळसा जळून उरलेली राख. आदल्या दिवशी काँक्रीटच्या प्लांटवर मी ती चिमटीत धरली होती, मैद्याहून मऊ. सिमेंट पाण्याने घट्ट होताना चुना सुटतो, राखेतली सिलिका तो धरते आणि त्याचा दगड बनतो. राखेतले विषारी धातू मग त्यात बरेचसे अडकून राहतात.

उघड्यावर तसं होत नाही. आपल्या कोळशात 30 ते 45 टक्के राख. नागपूरजवळ कोराडी-खापरखेड्याला ती पाण्यात कालवून पाइपाने तलावांत सोडतात. तळाला अस्तर नसेल तर पाणी मुरत जातं आणि विरघळलेला आर्सेनिक, बोरॉन सोबत नेतं. विहिरीचं पाणी दिसायला नितळच असतं, म्हणून घात होतो. आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, ती जिभेला कशी कळणार? मंथन अध्ययन केंद्र आणि सहकारी संस्थांच्या 2021 च्या अहवालात या परिसरातल्या पाण्यात आर्सेनिक, पारा मर्यादेबाहेर आढळल्याची नोंद आहे. जुलै 2022 मध्ये तर इथल्या खसाळ्याच्या राखतलावाचा बांधच फुटला, राख शेतांत आणि नाल्यांत शिरली.

31 डिसेंबर 2021 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने सगळी राख वापरणं वीजकेंद्रांवर बंधनकारक केलं, न वापरल्यास टनामागे 1000 रुपये भरपाई. पण आधीच मुरलेलं पाणी त्याने परत येत नाही.

लालबागच्या स्लॅबसाठी क्यूब भरतात, तारीख घालतात, न चुकता फोडतात. तेवढीच शिस्त राखतलावाभोवतीच्या प्रत्येक विहिरीला लावा : पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा तपासणी, आणि आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.