विश्लेषण : ‘जेम्स बॉण्ड’चा बॉस आणि मुंबईतील नाविकांचे बंड; ॲडमिरल गॉडफ्रे यांची कारकीर्द १९४६ मध्ये कशी संपली?

उंब्रज : पुणे-बेंगळूरू महामार्गावरील उंब्रजहून समुद्र गाठायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. तरीही फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात जे घडले, त्याच्याशी या पट्ट्याचे नाते आहे. कऱ्हाड-पाटण भागातील अनेक घरांतील माणसे तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत होती. नौदलातील भारतीय नाविकांनी बंड केले, तेव्हा त्यांच्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरले. आणि या बंडाला तोंड द्यावे लागले ते ब्रिटनच्या एका नामांकित नौदल अधिकाऱ्याला. ‘जेम्स बॉण्ड’च्या गोष्टींतील ‘एम’ हा बॉस त्यांच्यावरूनच बेतला, असे मानले जाते.

गॉडफ्रे कोण होते?

जॉन हेन्री गॉडफ्रे यांचा जन्म १८८८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम परिसरात झाला. १९०३ मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी, ते ‘एचएमएस ब्रिटानिया’ या प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. त्या काळी ब्रिटिश नौदलाचा अधिकारी असाच घडायचा. शाळकरी वयात भरती, मग वर्षानुवर्षे जहाजावरील काम आणि पायरी-पायरीने बढती.

जहाजाचा मार्ग ठरवणे ही गॉडफ्रे यांची खासियत. पहिल्या महायुद्धात ते दार्दानेल्सच्या मोहिमेत होते. १९३६ ते १९३९ या काळात ‘एचएमएस रिपल्स’ ही मोठी युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती. हीच नौका डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमानांनी मलायाजवळ बुडवली, पण तोवर गॉडफ्रे दुसऱ्या कामात गुंतले होते.

बॉण्डशी संबंध काय?

१९३९ मध्ये गॉडफ्रे ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक झाले. त्यांनी आपला सहायक म्हणून एका तरुणाची निवड केली. त्याचे नाव इयान फ्लेमिंग. हाच फ्लेमिंग पुढे बॉण्डचा लेखक झाला. शत्रूला कसे फसवायचे याच्या कल्पनांची एक यादी १९३९ मध्येच गॉडफ्रे यांच्या सहीने निघाली होती. मृतदेहाच्या खिशात खोटी कागदपत्रे ठेवून तो शत्रूच्या हाती लागू द्यायचा, ही कल्पनाही त्या यादीत होती. १९४३ मध्ये सिसिलीवरील हल्ल्यापूर्वी ब्रिटनने ती खरोखर वापरली.

माणूस हुशार, पण स्वभावाने तापट. इतर गुप्तवार्ता प्रमुखांशी त्यांचे खटके उडत. १९४२ मध्ये त्यांना व्हाइस ॲडमिरलपदी बढती मिळाली आणि पाठोपाठ गुप्तवार्ता विभागातून हटवलेही गेले. १९४३ मध्ये त्यांच्याकडे ‘रॉयल इंडियन नेव्ही’ची सूत्रे आली.

भारतात त्यांना काय मिळाले?

बेसुमार वेगाने वाढलेले एक दल. युद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलात जेमतेम दोन हजार माणसे होती. युद्ध संपेपर्यंत ती संख्या तीस हजारांच्या आसपास पोहोचली. शिकलेली, वर्तमानपत्रे वाचणारी तरुण मुले मोठ्या संख्येने भरती झाली होती. चांगली नोकरी आणि मानाची वागणूक मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात वाट्याला आले निकृष्ट जेवण, गोऱ्या नाविकांपेक्षा कमी पगार आणि युद्ध संपताच नोकरी जाण्याची टांगती तलवार.

बाहेरची हवाही तापलेली होती. गॉडफ्रे भारतात आले त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही तेव्हा त्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार जोरात होते. १९४५ च्या अखेरीस दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि देशभर असंतोष उसळला.

ठिणगी कुठे पडली?

मुंबईत कुलाब्याच्या ‘एचएमआयएस तलवार’वर. हे जहाज नव्हे, तर किनाऱ्यावरील संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते. ‘जय हिंद’, ‘भारत छोडो’ अशा घोषणा भिंतींवर लिहिल्याप्रकरणी बलाई चंद दत्त या नाविकाला फेब्रुवारीच्या सुरुवातीला अटक झाली. केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना उद्देशून अत्यंत अपमानास्पद भाषा वापरल्याच्या तक्रारी झाल्या. त्यांची वेळीच दखल घेतली गेली नाही. १८ फेब्रुवारीच्या सकाळी नाविकांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारले.

बंड इतक्या वेगाने कसे पसरले?

याचे उत्तर ‘तलवार’च्या कामातच आहे. इथले नाविक बिनतारी संदेश पाठवण्यात तरबेज होते. दलाची संदेशयंत्रणा जे चालवत होते, तेच संपावर गेले. त्यामुळे बातमी बंदरातील जहाजांपर्यंत आणि तिथून कराचीसह इतर तळांपर्यंत थेट पोहोचली. काही दिवसांतच ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे २० हजार नाविक बंडात सामील झाले. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्षाचे झेंडे एकत्र फडकले. संप समितीच्या अध्यक्षपदी एम. एस. खान आणि उपाध्यक्षपदी मदन सिंग यांची निवड झाली. चांगले जेवण आणि समान पगार यांबरोबरच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत आणणे, याही त्यांच्या मागण्या होत्या.

गॉडफ्रे यांनी काय केले?

ते दिल्लीहून मुंबईत आले. २१ फेब्रुवारीला कॅसल बरॅक्समध्ये गोळीबार सुरू झाला. बराकीला मराठा पलटणीच्या जवानांचा वेढा होता. पुढे ब्रिटिश तुकड्याही आणण्यात आल्या. त्याच दिवशी गॉडफ्रे आकाशवाणीवरून बोलले. सरकारकडे प्रचंड बळ आहे आणि वेळ पडल्यास हे नौदल नष्ट झाले तरी ते वापरले जाईल, असा त्यांचा इशारा होता.

या इशाऱ्याचा उलटाच परिणाम झाला. ज्या दलाचा अभिमान बाळगायचा तेच बुडवण्याची भाषा त्याचा प्रमुख करतो, हे ऐकून मुंबईकर खवळले. गेटवेजवळ लोक नाविकांसाठी खाण्याचे डबे घेऊन आले.

गिरणगाव रस्त्यावर का उतरले?

२२ फेब्रुवारीला मुंबईत हरताळ झाला. कम्युनिस्ट पक्षाने त्याची हाक दिली होती, तर अरुणा असफअलींसारख्या समाजवादी नेत्यांनी पाठिंबा दिला होता. परळ, लालबागच्या गिरण्या बंद पडल्या. या वस्तीत कोकणातील आणि घाटावरील, म्हणजे सातारा-कोल्हापूरकडील, कामगारांचा मोठा भरणा होता. सैन्य आणि पोलिसांच्या गोळीबारात दोन दिवसांत २०० हून अधिक नागरिकांचा बळी गेला. परळमध्ये कमल दोंदे या कार्यकर्तीचा गोळी लागून मृत्यू झाला. नाविकांच्या लढ्यात सर्वाधिक रक्त सांडले ते या सामान्य मुंबईकरांचे. बंडाच्या गोष्टीत त्यांचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपतो.

शेवट काय झाला?

काँग्रेस आणि मुस्लिम लीगच्या नेतृत्वाने बंडाला साथ दिली नाही. सरदार वल्लभभाई पटेल यांनी नाविकांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला. सूड घेतला जाणार नाही यासाठी प्रयत्न करू, असे आश्वासनही मिळाले. २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. पण पुढे चारशेहून अधिक जणांना नौदलातून काढून टाकण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही भारत वा पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळण्यासाठी त्यांना अनेक वर्षे थांबावे लागले. न्या. फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाला नाविकांच्या तक्रारींत तथ्य आढळले.

गॉडफ्रे यांच्या जागी मार्च १९४६ मध्ये व्हाइस ॲडमिरल जेफ्री माइल्स आले. ४३ वर्षांची कारकीर्द संपली. युद्धकाळातील एवढ्या कामगिरीनंतरही त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला नाही. 

यातून काय कळते?

जर्मन पाणबुड्या कुठे असतील याचा अंदाज बांधण्यात ज्याची हयात गेली, त्याला आपल्याच नाविकांच्या ताटात काय पडते हे उशिरा कळले. ती माहिती गुप्त नव्हती. ती तक्रारअर्जात लिहिलेली होती, फक्त वर पोहोचत नव्हती.

स्वतंत्र भारताच्या नौदलाला पहिला भारतीय प्रमुख मिळायला १९५८ साल उजाडले. व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी यांच्यानंतर १९६२ मध्ये ही जबाबदारी भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे आली. ज्या कॅसल बरॅक्सवर गोळ्या चालल्या, तिथे आज नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ आहे. इंग्रजांना समुद्रावर जेरीस आणणाऱ्या कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला दिले आहे. कुलाब्यात १९४६ च्या बंडाचे स्मारकही आहे. मुंबईला गेलात, तर गेटवे पाहून परतण्याआधी तिथे पाच मिनिटे जरूर थांबा.