हात न लावण्याचं काम

संपादकांना हवी होती सापांची गोष्ट. नावच ‘सर्पराज्ञी’! शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्यानं उभारलेलं जखमी वन्यजीवांचं हे केंद्र. मी मात्र अडकलो हरणांपाशी.

विहिरीत पडलेलं काळवीट वर काढायला दोर, जाळं आणि चार धीराची माणसं पुरतात. खरी परीक्षा त्यानंतरची. भेदरून धडपडलेल्या हरणाचे स्नायू आतल्या आत झिजतात, रक्तात आम्ल वाढतं, मूत्रपिंडं निकामी होतात. अंगावर ओरखडाही नसलेलं जनावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. डॉक्टर याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. एकदा ती जडली की औषधांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून आधी डोळ्यांवर फडकं, मग सावली आणि शांतता. मोबाइल घेऊन जमलेल्या गर्दीला पिटाळणं हाही उपचारच.

पाडसाची तऱ्हा निराळी. आई त्याला गवतात दडवून चरायला जाते आणि पाजण्यापुरती परतते. तोवर ते निपचित पडून राहतं. शेतात आलेल्या माणसाला ते पोरकं वाटतं, कळवळून तो उचलून घरी नेतो. दया खरी, पण ताटातूट तीच करते. बाटलीवर वाढलेलं पाडस माणसांना भीत नाही. ते नर असेल तर पुढे शिंगं उगारून त्याच माणसांच्या अंगावर धावतं. त्याला जगवायचं, पण लळा लागू द्यायचा नाही, हे मला सर्पदंशाच्या धोक्याहून अवघड वाटलं.

आणि सोडायचं कुठे? शेजारच्या पाटोदा तालुक्यात 1994 पासूनचं नायगाव मयूर अभयारण्य आहे, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. कर्जतजवळचं रेहेकुरी तर खास काळविटांचं, पण अवघं 2.17 चौरस किलोमीटर. बाकीचा माळ दप्तरी ‘पडीक’. तो नांगरला जातो, नाहीतर पुण्यकर्म म्हणून त्यावर ग्लिरिसिडिया लावलं जातं. (झाडं लावू नका म्हणणारा आपल्याकडे वेडाच ठरतो.) काळवीट जगतं ते दूरवर दिसण्यावर आणि पळण्यावर, त्याला मोकळं गवतच हवं. त्यात शिकारीची भीती: 2025 मध्ये तर शिरूर कासार तालुक्यातल्याच हरणांच्या शिकारीचे आरोप राज्यभर गाजले.

शिकार टळली तरी विहिरींना कठडे नाहीत, ऐन उन्हाळ्यात पाणवठे कोरडे. पाडस उचलून आणणाऱ्याच शेतकऱ्याचा हरभरा हरणांचा कळप रातोरात खुडून जातो. नुकसानभरपाईसाठी अर्ज, पंचनामा, पुन्हा हेलपाटे. तोवर हंगाम उलटतो.