सीपीयूची घरघर

मुंबईच्या उपनगरांत जुन्या डेस्कटॉपचा आवाज दिवसा कुणाला ऐकू येत नाही. अंधेरीत मेट्रोची कामं, घाटकोपरला डोक्यावरून उतरणारी विमानं, बोरिवलीत शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास, मुलुंडला एलबीएस रोडवरचे हॉर्न. या सगळ्यात टेबलाखालच्या पत्र्याच्या खोक्याला विचारतो कोण? तो ऐकू येतो रात्री एकनंतर, शेवटची लोकल गेल्यावर. त्यातही डिसेंबर-जानेवारीत जास्त, कारण तेव्हा छताचा पंखा बंद असतो. उन्हाळ्यात आतले पंखे अधिक जोरात फिरतात, पण तेव्हा छताचा पंखा पाचवर असतो आणि तो सगळं झाकतो. म्हणून दुरुस्तीवाल्याकडे आवाजाची तक्रार थंडीत जाते आणि आजार मात्र मे महिन्यातला असतो.

या शहराने आवाजाविरुद्ध लढाया पुष्कळ केल्या. डॉ. यशवंत ओक 1985 मध्ये उच्च न्यायालयात गेले. सुमैरा अब्दुलाली यांचं आवाज फाउंडेशन सणासुदीला डेसिबल मोजत फिरतं. 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. पण हे सगळं घराबाहेरचं. झोपायच्या खोलीत रात्री 30 डेसिबलच्या वर आवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये सुचवलं. पेंटियम फोरच्या काळातलं, तीन पंख्यांचं मशीन हातभर अंतरावर सहज चाळिशी गाठतं.

या दुखण्याचं खरं मूळ माझ्या मते जागेत आहे. मोठ्या घरात कॉम्प्युटर अभ्यासिकेत जातो आणि दार लावलं की प्रश्न मिटतो. वन आरकेमध्ये किंवा एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो हॉलमध्येच असतो, आणि हॉलमध्येच रात्री कुणाची तरी गादी पडते. त्यात 2000 च्या आसपास घरोघरी आलेली ती सनमायकाची कॉम्प्युटर ट्रॉली! तिच्यात सीपीयूसाठी उजवीकडे किंवा डावीकडे एक कप्पा असतो, मागची बाजू भिंतीला टेकलेली. मागून निघालेली गरम हवा त्याच कप्प्यात फिरून पुन्हा पुढून आत शिरते. तापमान वाढलं की पंखा वेग वाढवतो, वेग वाढला की आवाज. वर धूळ नको म्हणून कापडाचं कव्हर. मशीन बंद असताना कव्हर उत्तमच, पण ते चालू मशीनवर अर्धवट सरकवलेलंही मी पाहिलं आहे. ट्रॉलीच्या कप्प्यातून सीपीयू बाहेर काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला तर अनेक घरांत निम्मं काम तिथेच होतं. त्याला एक रुपया लागत नाही, म्हणून बहुधा कुणी सुचवत नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या आणि उपनगरांनी पहिल्यांदा भरदिवसा आपल्याच घरातले आवाज ऐकले. माळ्यावर टाकलेले डेस्कटॉप खाली उतरले. मुलाची शाळा एकावर, वडिलांचं ऑफिस दुसऱ्यावर. माइकला पंखा आणि माणूस यांत फरक करता येत नाही, त्यामुळे बाईंचा ऑनलाइन तास चाळीस घरांच्या घरघरीवर चाले. व्यावसायिकांना हा धडा आधीच मिळालेला होता. चांगल्या एडिटिंग आणि डबिंग स्टुडिओत मशीनं वेगळ्या खोलीत असतात आणि कलाकाराच्या खोलीत फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि लांब केबली येतात. घरी ते शक्य नसलं तरी टेबलाच्या पायाशी, माइकच्या मागच्या बाजूला सीपीयू ठेवणं जमतं.

पंखे मुळात आले कुठून? 1980च्या दशकातल्या पीसींत प्रोसेसरवर पंखा नसे, फक्त वीजपुरवठ्याच्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये असे. 486 च्या वेगवान आवृत्त्यांपासून प्रोसेसरला पंख्याची सवय लागली आणि 1993 च्या पेंटियमने ती पक्की केली. कळस झाला 2004 मध्ये. प्रेस्कॉट नावाच्या गाभ्याचे पेंटियम फोर 115 वॉटपर्यंत उष्णता टाकू लागले. त्याच सुमारास काही मदरबोर्डांच्या चिपसेटवरही 40 मिलिमीटरचा चिमुकला पंखा बसवला गेला. त्या पंख्याची किणकिण डासाइतकी बारीक आणि त्याच्याइतकीच चिवट. 2006 मध्ये कोअर टू ड्युओने हा आकडा बहुतेक मॉडेलांत 65 वॉटवर आणला. म्हणजे घरातलं जुनं मशीन 2004 चं की 2007 चं, यावर आवाजाचं अर्धं भवितव्य ठरलेलं असतं.

उरलेलं अर्धं ठरलं लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात. उपनगरातली बहुतेक घरगुती मशीनं असेंबल केलेली. प्रोसेसर आणि रॅम यांचा भाव घासून घेतला जाई. कॅबिनेट आणि एसएमपीएस मात्र ‘त्यातलंच एक द्या’ म्हणून घेतलं जाई. पातळ पत्रा, 80 मिलिमीटरचा पंखा, वेग कमी करायची सोय नाही. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त फिरावं लागतं, आणि पंख्याचा आवाज वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो: वेग निम्मा केला तर आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. 120 मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून तेवढंच काम करतो, म्हणून जागा असेल तिथे मोठा पंखा बसवावा. उलट दोन सारख्याच आवाजाच्या पंख्यांपैकी एक काढला तर फक्त तीन डेसिबल कमी होतात. पंखे मोजण्यापेक्षा त्यांचा वेग पाहिलेला बरा.

पण खर्चाच्या आधी धूळ. उपनगरातली धूळ एकजिनसी नसते. रुळांलगतच्या इमारतीत ती काळी येते, पुनर्विकासाच्या शेजारी सिमेंटची पांढुरकी, आणि कुठल्याही घरात तिला फोडणीचं तेल, देवघरातला धूप आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर यांचा चिकटा मिळतो. पावसाळ्याच्या दमट हवेत हे सगळं ओलसर होऊन प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत गच्च बसतं. पंखा वरून स्वच्छ दिसतो. तो सोडवून उचलला की खाली नमद्यासारखा थर निघतो. हवा जायलाच वाट नाही, म्हणून पंखा पूर्ण वेगात. मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो, पण ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा त्याच्या कुवतीपलीकडे फिरून बेअरिंग घालवून बसतो. प्रोसेसर आणि पात्यांच्या मधली उष्णतावाहक पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून खडू होते. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावावी. जास्त लावून जास्त थंड होत नाही.

साफसफाईनंतरही आवाज राहिला तर कोणता आवाज ते ओळखायचं. सूं असा वाऱ्याचा आवाज म्हणजे वेग. खर्रर्र, तोही सकाळी चालू करताना आणि पाच मिनिटांनी थांबणारा, म्हणजे बेअरिंग. मशीन बंद करून कॅबिनेटच्या एकेका पंख्याची वायर काढायची आणि पुन्हा चालू करून ऐकायचं; प्रोसेसरच्या पंख्याला मात्र हात लावायचा नाही. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्यातलं तेल सुकतं. मागचं स्टिकर सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडण्याची युक्ती दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास चालते. ती काही महिने टिकते. मी तिला उपचार म्हणत नाही. नवा पंखा काही शे रुपयांत मिळतो आणि बॉल बेअरिंगचा घेतला तर पुढची काही वर्षं विसरता येतो.

चार पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये जाऊन तापमानानुसार वेग ठेवायचा पर्याय चालू करावा. कितीतरी मशीनांत तो बंदच राहिलेला असतो, कारण असेंबल करणाऱ्याला गिऱ्हाईक मशीन गरम झाल्याची तक्रार घेऊन परत यायला नको असतं. दोन पिनांच्या जुन्या पंख्याला पिवळ्या 12 व्होल्टच्या आणि लाल 5 व्होल्टच्या तारांमध्ये जोडून 7 व्होल्ट द्यायचा जुना जुगाड आहे. चालतो, पण काही पंखे 7 व्होल्टला सुरूच होत नाहीत, तेव्हा जोडल्यावर तो फिरतोय हे डोळ्यांनी पाहावं. आणि एसएमपीएस उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब उरू शकतो. त्याचा पंखा वाजत असेल तर एसएमपीएसच बदलावा.

हार्ड डिस्कचा आवाज वेगळ्या जातीचा. त्यात दोन सूर असतात: फिरण्याचा अखंड षड्ज आणि डोकं सरकण्याची कुरकुर. 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते आणि तो खर्ज स्क्रूंमधून पत्र्यात उतरतो. डिस्क एकटी हातात धरली तर जेमतेम ऐकू येते. कॅबिनेटमध्ये कसली की तंबोऱ्याच्या तारेला भोपळा मिळाल्यासारखी घुमू लागते. दोन डिस्का असतील तर त्यांच्या वेगांतल्या किंचित फरकामुळे घुमणं वाढतं-ओसरतं, आणि झोपमोड करायला स्थिर आवाजापेक्षा हे चढउतार जास्त समर्थ. स्क्रूखाली रबराच्या चकत्या, नाहीतर रिकाम्या सीडी ड्राइव्हच्या कप्प्यात ताणलेल्या इलॅस्टिकवर डिस्क टांगणं, यांनी मोठा फरक पडतो. मात्र तिला फोममध्ये गुंडाळू नये. आवाज जातो, पण उष्णता आत अडकते.

2001 मध्ये सीगेटने बाराकुडा एटीए फोर या मालिकेत बॉल बेअरिंगऐवजी द्रवाच्या पापुद्र्यावर फिरणारी मोटर आणली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनीच ती स्वीकारली. त्याआधीच्या डिस्कची किंकाळी वयाबरोबर वाढतच जाते, तिला इलाज नाही. कुरकुरीवर मात्र होता: त्या काळच्या पुष्कळ डिस्कांत डोक्याची हालचाल सौम्य करायची सोय होती, 128 म्हणजे शांत आणि 254 म्हणजे वेगवान. लिनक्सवर एचडीपार्म या आज्ञेने आणि इतरत्र कंपन्यांच्या छोट्या प्रोग्रॅमने ती बदलता येई. नंतरच्या अनेक डिस्कांतून ती सोय गेली. टक, टक, थांबा, पुन्हा टक, असा आवाज आला तर शांततेचा विचार सोडून आधी फायली दुसरीकडे घ्याव्यात. ते डोकं जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये.

डिस्क बोलते तशी ऐकतेही. 2008 मध्ये ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कांच्या रांगेसमोर ओरडून त्यांचा प्रतिसाद मंदावतो हे व्हिडिओत दाखवलं. 2016 मध्ये बुखारेस्टला एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूच्या चाचणीत एवढा मोठा आवाज झाला की डिस्का निकामी झाल्या. आपल्याकडे मिरवणुकीच्या डीजेच्या दहा फुटांवर चालू कॉम्प्युटर असतात. त्या रात्रींचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आजच्या सल्लागाराचं उत्तर सरळ आहे: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घाला, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. घरच्या मशीनला ते बरोबरच. 2004 नंतरच्या बहुतेक मशीनांत साटा जोडणी असते, डिस्कची नक्कल एसएसडीवर उतरवता येते, आणि दोन्ही सूर एकदम संपतात. मग मशीन नवंच का घेत नाहीत, असं विचारणाऱ्यांनी उपनगरातल्या एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये डोकवावं. लग्नपत्रिका, अहवाल आणि कदाचित एखाद्या दिवाळी अंकाची पानंही तिथे आजही विंडोज एक्सपीवर पेजमेकरमध्ये लागतात. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, तिच्यात साठवलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या फायली, आणि प्रिंटरच्या जाड पोर्टला लावलेलं हार्डवेअर लॉक. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. अकाउंटंटांच्या कचेरीतही अशी मशीनं आहेत.

अशा मशीनचा आवाज घालवताना थोडं जपावं लागतं. एक्सपीला एसएसडीची निगा राखणारी ट्रिमची आज्ञा येत नाही, आणि एक्सपीने स्वतः केलेलं पार्टिशन 63 व्या सेक्टरपासून सुरू होतं, जे एसएसडीच्या पानांशी जुळत नाही. म्हणून पार्टिशन आधी नव्या मशीनवर करून घ्यावं आणि निम्मी जागा रिकामी ठेवावी. त्याहून जुन्या, रुंद पट्टीच्या आयडीई मशीनला कन्व्हर्टर लागतो, किंवा जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, कारण त्या कार्डाला आयडीईची भाषा जन्मतःच येते. जोडायला लागणारी पट्टी अगदी स्वस्त असते. बदललेली जुनी डिस्क लेबल लावून कपाटात ठेवावी, भंगारवाल्याला इतक्यात देऊ नये.

एवढं सगळं करूनही गुणगुण राहिली, तर कान टेबलाच्या दुसऱ्या बाजूला न्या. तिथे यूपीएस असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे त्याचा ट्रान्सफॉर्मर 100 हर्ट्झवर गुणगुणतो, आणि त्याचा दोष वर्षानुवर्षं सीपीयूच्या नावावर चढतो. त्याच्याखाली जाड रबराची चटई घातली की लाकडात उतरणारं कंपन बरंच कमी होतं. काही जण त्याला गॅलरीत हलवायला सांगतात. जुलैतल्या तिरक्या पावसाचा विचार करून तो सल्ला ऐकू नये.