टेस्ट पास, पण ऑर्डर तशीच! पॉप-अपचं काय करायचं?

वेबसाइट टेस्टिंगची छोटी छोटी कामं घ्यायची म्हणून सेलेनियम शिकताय ना? मग अलर्ट तुम्हाला अडवणारच.

‘ही ऑर्डर रद्द करायची का?’ असा चौकोन ब्राउझर स्वतः उघडतो. तो वेबपेजचा भाग नसतो. त्यामुळे इन्स्पेक्ट करून त्यातलं ओके बटण शोधलंत तरी सापडणार नाही. आधी ‘स्विच टू अलर्ट’ करायचं. मग ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे ओके, ‘डिसमिस’ म्हणजे कॅन्सल, ‘गेट टेक्स्ट’ म्हणजे आतला मजकूर वाचणं. प्रॉम्प्टमध्ये काही टाइप करायचं असेल तर ‘सेंड कीज’. चौकोन यायला उशीर लागत असेल तर स्लीप टाकत बसू नका. ‘अलर्ट इज प्रेझेंट’ ही अट देऊन वेट लावा.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे.

अलर्टकडे दुर्लक्ष केलंत तर सेलेनियम तो सहसा स्वतःच कॅन्सल करतं, पण एरर देऊन ओरडतं तरी. प्लेराइट मात्र डायलॉगसाठी लिसनर लावला नसेल तर गुपचूप कॅन्सल करून पुढे जातं. समजा, तुम्ही ‘ऑर्डर रद्द करा’ बटणावर क्लिक केलं आणि टेस्ट तिथेच संपवली. रिपोर्ट हिरवागार, ऑर्डर मात्र जागच्या जागी! असा रिपोर्ट क्लायंटच्या हातात गेला तर पुढचं काम मिळेल का?

म्हणून चौकोन बंद झाला एवढ्यावर थांबू नका. ओके केल्यावर यादीतून ऑर्डर गेली का, ते तपासा. आणि कॅन्सलची टेस्ट वेगळी लिहा, ही बरेच जण सोडतात. कॅन्सल दाबूनही ऑर्डर उडाली तर दुकानदाराचं थेट नुकसान आहे. माझ्या मते असा एक बग पकडून दिलात की तुमची फी वसूल!

हो, अजून एक. आजकाल बऱ्याच साइटवरचे सुंदर, रंगीत पॉप-अप हे अलर्ट नसतातच. ते साधं एचटीएमएल असतं. तिथे ‘स्विच टू अलर्ट’ केलंत तर ‘नो अलर्ट प्रेझेंट’ ही एरर येणार. राइट क्लिक करून इन्स्पेक्ट होतंय का बघा. होत असेल तर नेहमीचा लोकेटर वापरा.