तेल, न्हाणी आणि शिकलेले हात : मालवण किनाऱ्यावर मालिश घेण्याआधी

तारकर्ली-देवबागला आलेल्या पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, दुसऱ्या दिवशी स्कूबा, संध्याकाळी कर्ली नदीच्या संगमापर्यंत बोट आणि रात्री सुरमईचं ताट. तिसऱ्या सकाळी अंग बोलायला लागतं. खांदे भरून येतात, पोटऱ्या दुखतात, आणि मग चहा पिताना यजमानांना प्रश्न जातो, "इथे मसाज कुठे मिळेल?"

थायलंडच्या फुकेत किंवा कोह सामुई बेटावर हा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही. किनाऱ्यावरच मालिशच्या गाद्या मांडलेल्या असतात. सिंधुदुर्ग 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या तीन तालुक्यांना मिळून सुमारे 121 किलोमीटरचा किनारा आहे. तरी मालिशचा व्यवसाय इथे अजून विखुरलेलाच आहे. जे मिळतं ते तीन प्रकारचं : घरगुती तेल-न्हाण, रिसॉर्टमधली मालिश आणि वैद्यांकडचं पंचकर्म. पहिली दोन आरामासाठी, तिसरं उपचारासाठी. यात गल्लत झाली की पैसे तर जातातच, कधी अंगावरही बेततं.

घरची रीत

कोकणात मालिश ही धंदा होण्याआधी रीत होती. बाळंतिणीला आणि बाळाला तेल चोळून न्हाऊ घालणारी बाई वाडीत असायची. काही वाड्यांत अजून आहे. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी तापतं, जळणाला चुडतं आणि नारळाची सोडणं. पाण्यात निर्गुंडीचा पाला उकळतात. न्हाणं झालं की शेगडीचा शेक आणि ओवा-शेपांची धुरी.

बाकीच्यांच्या वाट्याला हे सुख निदान दिवाळीला येतं. नरक चतुर्दशीला पहाटे अंगभर तेल, मग उटणं, मग कढत पाणी आणि तुळशीपुढे पायाने फोडलेलं कडू कारीट.

निवास-न्याहारीच्या घरात उतरला असाल तर चुलीवरचं पाणी आणि घरचं खोबरेल मागायला संकोच करू नका. पुष्कळ घरांत ते आनंदाने देतात. मात्र न्हाऊ घालणारी बाई बाळ-बाळंतिणीसाठी असते. तिला पर्यटकाच्या मालिशसाठी बोलावण्याची अपेक्षा धरू नये, आणि पुरुषांनी तर विचारूही नये.

खोबरेल, तिळेल, उंडेल, भिरंडेल

इथल्या तेलांच्या नावांच्या शेवटी येणारा "एल" म्हणजे तेलच. खोबरेल थंड मानलं जातं, म्हणून उन्हाळ्यात आणि डोक्याला तेच. तिळेल उष्ण, थंडीत आणि दुखऱ्या अंगाला. आयुर्वेदातली बरीचशी औषधी तेलं तिळाच्या तेलातच सिद्ध करतात.

उंडेल म्हणजे किनाऱ्यालगत वाढणाऱ्या उंडीच्या बियांचं तेल. ते गडद हिरवट आणि उग्र वासाचं असतं. पूर्वी ते दिव्यात जाळत आणि होडीच्या लाकडाला फासत. गुडघे-कंबर धरली की जुनी माणसं ते चोळतात. हे पोटात घ्यायचं तेल नव्हे. नाजूक कातडी असेल तर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर वाट पाहावी.

भिरंडेल हे तेल असूनही घट्ट असतं. रातांबे फोडले की साल आमसुलांना जाते आणि बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. पाणी निवलं की वर पांढुरकी चरबी धरते. ती मुठीत दाबून गोळे करतात, म्हणून त्याला मुठेलही म्हणतात. टाचांना भेगा पडल्या की गोळा दिव्यावर जरासा धरायचा आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायचा, ही घरोघरची युक्ती. सौंदर्यप्रसाधनांच्या डबीवर "कोकम बटर" लिहिलेलं असतं ते हेच. मालवणातून घरी न्यायला खाज्याबरोबर याचाही गोळा घ्यावा.

एक तेल मात्र अंगाला लावू नये : काजूच्या टरफलातलं. गावठी उपाय म्हणून कुणी सुचवलं तरीही नको. त्याने कातडी भाजते.

रिसॉर्टच्या यादीतली नावं

अभ्यंग म्हणजे कोमट तेलाने सर्वांगाला केलेली मालिश. उद्वर्तनात तेलाऐवजी औषधी चूर्ण चोळतात. आपलं उटणं त्याच जातीचं. पोटलीत पाला किंवा चूर्ण फडक्यात बांधून, तापवून शेकतात. शिरोधारेत आडवं निजवून कपाळावर तेलाची बारीक धार सोडतात. स्वीडिश मालिश तेल लावून लांब, सलग हाताने करतात.

थाई मालिश अगदी वेगळी. तिच्यात तेल नसतं, अंगावर सैल कपडे असतात, जमिनीवरच्या गादीवर झोपवून दाब देतात आणि हातपाय ताणतात. युनेस्कोने 2019 साली तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. थाई परंपरा या विद्येचा आद्यगुरू मानते तो जीवक आपल्याकडचा, राजगृहाचा वैद्य आणि बुद्धाचा समकालीन. बँकॉकच्या वाट फो विहारात ही मालिश आजही शिकवली जाते. थायलंडमध्ये 2016 पासून स्पा आणि मालिश केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि मालिश करणाऱ्याची नोंदणी लागते. आपल्या किनाऱ्यावर "आयुर्वेदिक मसाज" अशी पाटी लावलेली असते, पण आतला माणूस कुठे शिकला ते पाटीवरून कळत नाही. ते विचारूनच घ्यावं लागतं.

पंचकर्म दोन दिवसांत होत नाही

वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मं. मालिश आणि वाफ, म्हणजे स्नेहन आणि स्वेदन, ही त्यांची पूर्वतयारी. शिरोधारा या पाचात नाही. म्हणजे "वीकेंड पंचकर्म" या नावाखाली दोन दिवसांत जे मिळतं, ते बहुतेक वेळा पूर्वतयारीपुरतंच असतं. आराम म्हणून ते छान आहे, पण त्याला उपचाराचा दर द्यायचं कारण नाही.

खरं पंचकर्म हवं तर वैद्याने आधी नाडी, पचन, चालू औषधं आणि जुने आजार विचारायला हवेत. वैद्य बीएएमएस आहेत का आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये त्यांची नोंद आहे का, हे विचारण्यात गैर काहीच नाही. सावंतवाडीत भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालय आहे. बांद्याहून हद्द ओलांडली की गोव्यात पेडणे तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र लागतं. ते 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झालं. दुखणं जुनं असेल तर किनाऱ्यावर शोधत बसण्यापेक्षा अशा ठिकाणी जावं.

दिवस कोणते निवडावे

ऑक्टोबर ते मे हा पर्यटनाचा हंगाम. त्यातही थंडीच्या दिवसांत तेल अंगाला मानवतं. एप्रिल-मेच्या घामट हवेत दुपारची मालिश नकोशी होते, तेव्हा सकाळ धरावी.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, किनारा ओस पडतो. पण आयुर्वेदाच्या हिशेबी वर्षा ऋतूत वात वाढतो आणि बस्ती याच दिवसांत सांगितली जाते. पंचकर्मासाठी सवड काढून येणाऱ्याला श्रावणातलं शांत मालवण सोयीचंच.

गरम पाण्याचं कुंड हवं असेल तर उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्यात जावं लागतं. मुंबईहून महामार्गाने येताना राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या कुंडावर थांबता येतं.

मालिश कुणी टाळावी

वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करायला सांगितलं, आणि तिथेच कफाने ग्रासलेल्याला, अजीर्ण झालेल्याला आणि नुकतंच शोधन झालेल्याला तो वर्ज्यही केला. आजच्या भाषेत यादी अशी :

- ताप, अंगावर जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर नको.
- एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर.
- रक्त पातळ करणारी औषधं, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच.
- मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर गरम पोटली नको. चटका बसल्याचं कळत नाही.
- समुद्रावर ऊन लागून कातडी लाल झाली असेल तर दोन-तीन दिवस थांबावं.
- स्कूबा केल्याच्या दिवशी जोराची मालिश टाळावी. डुबकीमुळे सांधे दुखू लागले तर ते मालिशचं दुखणं समजून दुर्लक्ष होतं.
- खडकावर पाय मुरगळून सुजला असेल तर आधी एक्स-रे, मग हाडवैद्य.

आत जाण्याआधी विचारायचे प्रश्न

कोणतं तेल वापरणार? किती मिनिटं? दरात वाफ धरली आहे का? मालिश करणारी व्यक्ती कुठे शिकली? बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष मिळेल का? चादर-पंचा धुतलेला आहे का? खोलीला आतून कडी आहे का? तुम्हाला काही आजार आहे का, असं समोरून कुणी विचारलं तर जागा बरी समजावी. मधुमेह, सांधेदुखी आणि वजन एकाच मालिशने घालवण्याचं आश्वासन मिळालं तर चप्पल घालून बाहेर पडावं. दाब सोसत नसेल तर "हळू" म्हणायला आणि नकोसं वाटलं तर मध्येच उठायला लाजू नये.

तेवढं पथ्य

नारळ, तीळ, उंडी, कोकम, निर्गुंडी हे सगळं या किनाऱ्यावर आहे. कमी आहेत ते शिकलेले हात. गावच्या मुलामुलींनी ही विद्या रीतसर शिकून घेतली तर पर्यटनाचे चार पैसे वाडीत राहतील. पाहुण्यांनीही शिकलेल्या हाताला योग्य मोल द्यावं आणि स्वस्तासाठी घासाघीस करू नये.

मालिश भरल्या पोटी घेऊ नये. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. नंतर थोडं पडून राहावं, कढत पाण्याने न्हावं आणि उकड्या तांदळाची पेज घ्यावी. सुरमईचं ताट रात्री आहेच.