आधी काय, मग काय?

पाया, भिंती, छप्पर, विजेच्या तारांच्या नळ्या, गिलावा आणि रंग ही घरबांधणीची सहा कामे घेऊ. ती एकापुढे एक अशी ७२० प्रकारे मांडता येतात. पण पायाशिवाय भिंती नाहीत. भिंतींशिवाय छप्पर नाही आणि नळ्याही नाहीत. ही दोन्ही कामे झाल्याखेरीज गिलावा नाही. गिलाव्याशिवाय रंग नाही. या अटी पाळणारे क्रम किती? फक्त दोन! ते शोधायचे कसे?

कागदावर प्रत्येक कामासाठी एक बिंदू काढा. आधीच्या कामापासून नंतरच्या कामाकडे बाण काढा. अशा आकृतीला दिशायुक्त आलेख म्हणतात. आता प्रत्येक बिंदूजवळ त्याच्याकडे येणाऱ्या बाणांची संख्या लिहा. पायाजवळ ०, गिलाव्याजवळ २ आणि बाकीच्यांजवळ १ येईल. ज्याचा आकडा शून्य, ते काम कशावाचून अडलेले नाही. ते यादीत लिहा, त्याच्यापासून निघणारे बाण खोडा आणि आकडे कमी करा. पुन्हा शून्य शोधा. भिंती यादीत गेल्या की छप्पर आणि नळ्या एकदमच शून्यावर येतात. त्यांतील कोणतेही आधी घ्या. म्हणूनच क्रम दोन.

ही रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. आयबीएम ७०९० या संगणकावर ३०,००० कामांचे जाळे तासाभराच्या आत क्रमाने लावता येते, असे त्यांनी नमूद केले. या वेगाचे कारण सोपे आहे : प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक बाण एकदाच हाताळावा लागतो.

आता समजा, मालक म्हणतो, 'आधी काम, मग पैसे' आणि कंत्राटदार म्हणतो, 'आधी पैसे, मग काम'. येथे शून्य आकडा सापडतच नाही! उरलेल्या प्रत्येक कामाकडे एखादा बाण येत असेल, तर बाणांच्या उलट दिशेने चालत राहा. बिंदू मोजकेच असल्याने केव्हातरी पूर्वीच्याच बिंदूवर याल. म्हणजे तेथे चक्र आहे. यादी अपुरी राहिली, तर योग्य क्रम अस्तित्वातच नाही, हे सिद्ध झाले.

मोठ्या प्रोग्रॅमचा कोणता भाग आधी तयार करायचा, हे आज अशाच रीतींनी ठरवतात. अनुभवी प्रोग्रॅमरांच्या मुलाखतींतही हा प्रश्न असतो. तेथे क्रम सांगून भागत नाही, चक्रही ओळखावे लागते.

तुम्ही करून पाहा : वरील आकृतीत रंगापासून छपराकडे एक जादा बाण काढा. यादी किती कामांवर थांबते?