ॲल्युमिनियमचा पत्रा आणि हातोड्याचा घाव

शिंपी, सुतार आणि धोबी यांच्याप्रमाणें तांबट हाहि पांखरांच्या नांवांत जाऊन बसलेला कारागीर आहे. इतरांना तें नांव त्यांच्या कृतीवरून किंवा वागण्यावरून मिळालें; तांबट पक्ष्याला तें केवळ आवाजावरून मिळालें. चैत्र-वैशाखांत वडाच्या शेंड्यावर बसून हा हिरवा पक्षी 'टुक् टुक्' करूं लागला, कीं दूर कोठें तरी तांब्याच्या पत्र्यावर हातोडा पडत असल्याचा भास होतो. जुन्या नाशकांत अशा भासाची गरज नव्हती. तेथें तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, आणि तांब्यापितळेच्या भांड्यांबद्दल या गांवाचें नांव पूर्वापार आहे. ज्या घरांत मठारलेला बंब किंवा घंगाळ वापरलें गेलें, त्या घराला आणखी एका कारखान्यांतील काम समजणें मुळींच कठीण नाहीं. हा कारखाना जुन्या मोटारगाड्या पुन्हां उभ्या करणाऱ्यांचा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं रोल्स-रॉइससारखी कंपनी संपूर्ण मोटार विकीत नसे. ती एंजिन, चाकें आणि खालचा सांगाडा देई; वरची पेटी गिऱ्हाइकानें दुसऱ्या कारागिराकडून बांधून घ्यावयाची. हे कारागीर मूळचे घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे. लांकडाची चौकट उभारावी, तिच्यावर पत्रा चढवावा, कडा वळवून बारीक खिळ्यांनीं बसवावा, ही त्यांची रीत. उंची गाड्यांना हा पत्रा पुष्कळदां ॲल्युमिनियमचा असे, कारण समान आकाराच्या पोलादाच्या मानानें त्याचें वजन सुमारें एकतृतीयांश भरतें. हिंदुस्थानांतील संस्थानिक अशा गाड्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. परंतु या पद्धतींत एक अडचण दडलेली होती. प्रत्येक पेटी एकाच गाडीसाठीं बनलेली. तिचा सांचा नाहीं, आणि बहुधा पुरता नकाशाहि नाहीं. आज अशा गाडीचें मडगार्ड कुजलें तर तें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. तें हातानेंच घडवावें लागतें.

आतां मडगार्ड घडवावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें? कागदाचा एक ताव घ्यावा. तो लाटण्याभोंवतीं सहज गुंडाळतां येतो. तोच नारळावर बसवूं गेल्यास बसत नाहीं. कोठें चुण्या पडतात, कोठें फाटतो. लाटण्याला एकाच दिशेनें गोलाई आहे, नारळाला दोन दिशांनीं. पत्र्याचेंहि तसेंच. त्याला नारळासारखी गोलाई द्यावयाची तर मधला भाग ताणून वाढवावा लागतो, नाहीं तर कडा आंत दाबून आखूड करावी लागते. हस्तकौशल्याचें सारें रहस्य या दोन क्रियांत आहे. ताणण्यासाठीं पत्रा वाळूनें भरलेल्या चामडी पिशवीवर किंवा लांकडाच्या ओंडक्यांतील खळग्यावर ठेवून मोगरीनें ठोकतात; घावाखालीं तो पातळ होऊन पसरतो. कडा आखूड करण्यासाठीं तिला मुद्दाम निऱ्यांसारख्या चुण्या पाडतात, आणि चुणी उलटून एकमेकींवर बसूं न देतां तिचें धातु तिच्यांतच ठोकून जिरवितात. पहिलें काम नवशिक्यालाहि साधतें. दुसऱ्यांत हात बसण्यास वर्षें जातात, कारण चुणी एकदां दुमडली कीं तेथें भेग पडते.

खडबडीत आकार आला म्हणजे तो साफ करण्याची पाळी येते. तांबट लोखंडी दांड्याच्या गोल टोकावर भांडें धरून बाहेरून हलके घाव घालतो. प्रत्येक घाव मागच्या घावाला किंचित् चाटून जातो. मोटारीचा कारागीरहि हेंच करतो, परंतु मोठ्या पत्र्यासाठीं त्याच्याजवळ 'इंग्लिश व्हील' नांवाचें यंत्र असतें. वर एक सपाट चाक, खालीं एक फुगीर चाक, आणि त्यांच्या चिमटींतून हातानें पुढेंमागें सरकणारा पत्रा. यंत्र म्हटलें तरी त्याला स्वतःची बुद्धि नाहीं. पत्रा कोठें किती वेळां फिरवावयाचा हें हातच ठरवितो. तांबटाच्या घावांना भांड्यावर शोभा म्हणून राहूं देतात, त्यालाच आपण मठारकाम म्हणतों. मोटारीवर मात्र एकहि घाव दिसतां कामा नये. तेथें तळहात फिरवून पाहतात, कारण डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो.

येथवर दोघांचे मार्ग एक आहेत. पुढें वाटा फुटतात, आणि विषयाचा खरा रस तेथेंच आहे.

ठोकून ठोकून धातु कडक होतो, हें तांबटाला शास्त्र न शिकतां ठाऊक होतें. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा असतात, आणि त्या रांगांत ठिकठिकाणीं उणीवा असतात. घाव पडला कीं या उणीवा सरकतात, म्हणून पत्रा वाकतो. १९३४ सालीं टेलर, ओरोवन आणि पोलान्यी या तिघांनीं स्वतंत्रपणें ही उपपत्ति मांडली. घाव वाढत गेले कीं उणीवांची संख्याहि वाढते आणि त्या एकमेकींच्या वाटेंत येतात. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्लींत जशी कोणालाच पुढें सरकतां येत नाहीं, तशी त्यांची गत होते. मग पत्रा वांकावयाचें सोडून फुटतो. उपाय एकच: तापवून त्याला पुन्हां मऊ करावयाचें.

तांब्याच्या बाबतींत हें सोपें आहे. तांबें मंद लाल होईपर्यंत तापवावें, हवें तर पाण्यांत बुडवावें. तें मऊ होतें. तें वितळतें १०८५ अंशांवर, म्हणजे लाली दिसल्यावरहि पुष्कळ अवकाश असतो. तांबें बोलून दाखवितें. ॲल्युमिनियम बोलत नाहीं. त्याला मऊ करण्याची उष्णता सुमारें ३५० ते ४०० अंश, आणि तें ६६० अंशांवर वितळतें; पण तोंपर्यंत दिवसाच्या उजेडांत त्याचा रंग पालटत नाहीं. ज्यानें लाली येण्याची वाट पाहिली, त्याच्या हातांतला पत्रा मेणासारखा ढांसळतो. म्हणून कारागिरांनीं धातूच्या ऐवजीं दुसऱ्या कोणाला तरी बोलावयास लाविलें. पत्र्यावर कपडे धुण्याच्या साबणाची रेघ ओढावयाची. ती तपकिरी होऊन काळसर झाली कीं ज्योत बाजूला घ्यावयाची. किंवा धुरकट ज्योतीनें पत्र्यावर काजळी धरावयाची आणि स्वच्छ ज्योतीनें तापवूं लागावें. काजळी नाहींशी झाली कीं उष्णता पुरी. या युक्तीपुढें प्रयोगशाळेंतील उष्णतामापक अगदींच निरुपयोगी ठरतो असें नाहीं, पण चार हात लांबीच्या पत्र्यावर ज्योत फिरत असतांना साबणाची रेघच अधिक कामाची.

या धातूशीं भारतीय कारागिराची ओळख नवी नाहीं. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू यांनीं विजेनें ॲल्युमिनियम काढण्याची स्वस्त रीत शोधली, आणि १८९८ सालीं आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं मद्रासच्या कलाशाळेंत ॲल्युमिनियमचीं भांडीं बनविण्यास आरंभ केला. कल्हई न लागणारें भांडें म्हणून घरोघरीं त्याचें कौतुक झालें. अर्थात् तें आमटी-ताकाला चालत नाहीं, हें गृहिणींनीं लौकरच ताडलें.

भांड्याला सांधा देणें तांबटाला नवें नाहीं. हंड्याच्या दोन भागांना दाते पाडून ते एकमेकांत गुंतवावयाचे, टाकणखार टाकावयाचा, आणि पितळी डाकानें झाळावयाचें. येथें दोन्ही भाग घन राहतात. मधलें डाक तेवढें वितळतें. मोटारीच्या पत्र्याला तसा सांधा चालत नाहीं. दोन्ही कडा वितळवून एकजीव कराव्या लागतात, कारण सांध्यावर पुन्हां हातोडा पडावयाचा असतो. आणि ॲल्युमिनियम वितळविण्यांत एक विलक्षण घोंटाळा आहे. हवा लागतांच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो. धातु वितळतो ६६० अंशांवर, पापुद्रा दोन हजारांच्याहि वर. त्यामुळें आंतला रस पातळ झाला तरी वरची कातडी शाबूत राहते, दोन थेंब शेजारीं शेजारीं असून मिसळत नाहींत, आणि कारागीर धीर सोडून अधिक उष्णता देऊं लागला कीं एकदम भोंक पडतें.

हा पापुद्रा विरघळविण्यासाठीं क्लोराइड आणि फ्लोराइड जातीच्या क्षारांचा लेप लावतात. त्यांतील सोडियममुळें ज्योत पिवळी धमक होते आणि खालचा रस दिसेनासा होतो. जुने कारागीर म्हणून निळ्या काचेचा चष्मा लावीत. भरणीसाठीं बहुधा त्याच पत्र्याची बारीक पट्टी कापून घेतात, म्हणजे धातु परका होत नाहीं. इंचा-दीड इंचावर आधीं टांके, मग सलग सांधा. काम संपल्यावर लेप गरम पाण्यानें आणि ब्रशानें खरडून धुवावा लागतो. राहिलेला कण हवेंतील ओल शोषून पत्रा खात बसतो, आणि रंगाखालीं त्याचा पत्ता महिनोन्‌महिने लागत नाहीं. आपल्या पावसाळ्यांत तर त्याला मेजवानीच. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील विमानांच्या कारखान्यांतून विजेच्या ठिणगीभोंवतीं निष्क्रिय वायूचें आवरण ठेवण्याची पद्धत निघाली. तींत लेप लागत नाहीं. उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाहच पापुद्रा फोडतो. तरीहि पुष्कळ जुने हात अजून ज्योतच पसंत करतात, कारण तिनें केलेला सांधा मऊ राहतो आणि ठोकून सपाट करतां येतो. निवतांना प्रत्येक सांधा आकसतो व शेजारचा पत्रा ओढून वेडावांकडा करतो. तो ताणून पूर्ववत् करण्यास पुन्हां हातोडाच लागतो.

नाशिकजवळ ओझरला १९६४ सालीं मिग-२१ विमानें बांधण्यासाठीं हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा कारखाना निघाला. तेथील विमानांतहि ॲल्युमिनियमच पुष्कळ. पण त्याचे पत्रे डाक दिल्याप्रमाणें वितळवून सांधलेले नसून मुख्यतः रिव्हेटांच्या रांगांनीं जोडलेले असतात. यांत जुनाटपणा नाहीं. १९०६ सालीं आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं ॲल्युमिनियममध्यें सुमारें चार टक्के तांबें आणि किंचित् मॅग्नेशियम मिसळून, तापवून पाण्यांत विझविल्यास तें पुढील कांहीं दिवस पडल्यापडल्या आपोआप कडक होत जातें. ड्यूरॅल्युमिन तें हेंच. परंतु हें बळ उष्णतेनें मिळविलेलें असल्यामुळें उष्णतेनेंच जातें. सांध्याच्या ज्योतीनें आजूबाजूचा पत्रा दुबळा होतो. विमानाला तें परवडत नाहीं. मोटारीच्या पेटीचा भार लांकडी चौकट सोसते, म्हणून तिला जवळ जवळ शुद्ध आणि मऊ ॲल्युमिनियम चालतें, आणि तेंच हातोड्याला वश होतें.

मग जुनी गाडी कारखान्यांत आल्यावर मुख्य प्रश्न उभा राहतो तो असा कीं, काय ठेवावयाचें आणि काय टाकावयाचें. ओल्या लांकडाला आणि लोखंडी खिळ्यांना लागून असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा दोन भिन्न धातूंच्या संयोगानें कुजतो. खालची कड पांढऱ्या भुकटीसारखी होते. सगळें मडगार्ड काढून नवें घडविणें पुष्कळदां सोपें आणि स्वस्तहि पडतें. मालकाला तें अधिक चकचकीत दिसतें, म्हणून त्याचा ओढा तिकडे असतो. पण मूळ पत्र्याच्या आंतल्या बाजूस, जेथें रंगाऱ्यानें कधीं लक्ष दिलें नाहीं, तेथें पहिल्या कारागिराचे घाव तसेच असतात: मोगरी कोणत्या बाजूनें पडली, चुण्या कोठें जिरविल्या, सांधा कोठें घेतला. ज्या पेटीचा नकाशाच नाहीं, तिचा हा एकमेव लेख होय. तो भंगारांत गेला कीं नंतर घडविणाऱ्याजवळ अंदाजाखेरीज कांहीं उरत नाहीं. म्हणून जाणते कारागीर कुजलेला तेवढाच भाग कापतात, त्याच जाडीचा तुकडा बसवितात, आणि आंतले घाव घांसून काढीत नाहींत.

असा तुकडा बसविणाऱ्या हातांचा प्रश्नहि लहान नाहीं. स्टीलच्या भांड्यांनीं नाशिकच्याच नव्हे तर सगळ्याच तांबटांचें काम घटलें. मुलांनीं दुसरे धंदे धरले. गॅरेजमध्यें पोचे काढणारा मनुष्य आज प्रत्येक गांवांत आहे, परंतु त्याला पोलादाच्या दाबून काढलेल्या पत्र्याची संवय. आणि फार खराब झालेलें अंग बदलून टाकणेंच त्याला परवडतें. सपाट ताव घेऊन त्यांतून पोकळ आकार उभा करण्याची संवय तांबटाच्या हातांत आहे, आणि ती ओंडका, पिशवी व मोगरी यांच्याजवळ बसूनच दुसऱ्या हातांत जाते.

एक गोष्ट तर मोजमापानेंहि सुटत नाहीं. हातानें घडविलेल्या गाडीचीं डावीं-उजवीं अंगें बहुधा तंतोतंत सारखीं नसतात. उजव्या मडगार्डाचा पुठ्ठ्याचा नमुना कापून तो उलटा करावा आणि त्यावरून डावें घडवावें, तर तें दिसण्यांत निर्दोष होतें आणि गाडीवर बसत मात्र नाहीं. बॉनेटपाशीं बोटभर फट राहते. शेवटीं पत्रा घेऊन गाडीपाशीं जावें लागतें, लावून पाहावा लागतो, काढून दोन घाव घालावे लागतात आणि पुन्हां लावावा लागतो. एका मडगार्डासाठीं हें असें वीस-पंचवीस वेळां चालतें.